भाऊ जिवंत कोणी केला?

४ सप्टेंबर

भिंगरे,

रसदीची गाडी आज वर आली, गाडीतून तुझं पत्र आलं, आणि त्यातली ती एक ओळ वाचून मी खुर्चीतून असा उठलो की चहाचा कप थेट वाऱ्याच्या नोंदींवर उपडा! 'नावाडीण' गेमचा दुसरा भाग येतोय, आणि त्याची अख्खी कथा तू लिहिलीस! पहिल्या भागात तू फक्त नावेतल्या प्रवाशांची बोलणी लिहिली होतीस, तरी मी तुझ्या आईचं डोकं खाल्लं होतं की ताई, पोरगी कमाल आहे. आता तर काय, मी हवेतच.

वेधशाळेत आम्ही तिघंच. मी ढग बघणारा, यंत्रं दुरुस्त करणाऱ्या यंत्रबाई आणि आचारीबुवा. दर तीन तासांनी हवेची नोंद घ्यायची आणि खाली पाठवायची. इंटरनेट केसाएवढं बारीक, त्यातून आकडे जातात तेवढे जातात. म्हणून हा पत्रांचा कारभार, आणि म्हणूनच दोन नोंदींच्या मधल्या दुपारी तुझा गेम. पहिला भाग आम्ही तिघांनी आळीपाळीने संपवला, आणि त्या शेवटच्या फेरीवरून अजून वाद घालतो. पूर वाढतोय, नावेत जागा एकाच माणसाची, छपरावर दोघं: नावाडिणीचा धाकटा भाऊ आणि एक अनोळखी मास्तरीण. भाऊ म्हणतो, "ताई, आधी यांना ने. मी पोहत येतो." आणि त्याला पोहता येत नाही हे फक्त आपल्याला ठाऊक.

मी मास्तरणीला नेलं. परत येईपर्यंत छप्पर नव्हतं. आचारीबुवांनी भावाला ओढून घेतलं, आणि मग आठवडाभर आमटीत मीठ विसरत होते. यंत्रबाईंना काही ठरवताच आलं नाही, कंट्रोलर हातात धरून नुसत्या बसल्या, आणि पाण्याने दोघांनाही नेलं. बाई बाहेर जाऊन वाऱ्याचं यंत्र उगाच पुसत बसल्या होत्या.

तर आता पुढे काय होणार? सांगू नकोस! पण लवकर पाठव. आचारीबुवांनी भिंतीवर दिवस मोजायला सुरुवातसुद्धा केली.

तुझा
मामा

---

१६ सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र मी कामावर मोठ्याने वाचून दाखवलं. मिठाच्या जागी आमचे चित्रकार टेबलावर डोकं आपटून हसत होते. आचारीबुवांना सांग, ते इथे प्रसिद्ध आहेत.

आमच्याकडे सध्या लगीनघाई आहे. भिंतभर कागद, कागदावर बाण, बाणांवर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या. ध्वनीवाली मुलगी टबात वल्हं मारून पाण्याचे आवाज घेते, सगळी फरशी ओली. मी त्या फरशीवरून घसरत घसरत मीटिंगला जाते. मला इतका आनंद झालाय मामा, की सकाळी दात घासतानाही मी संवाद बोलत असते.

गोष्ट सांगणार नाही. एवढंच सांगते: पहिल्या भागानंतर आम्हाला चाहत्यांची अकरा हजार पत्रं आली, आणि मी ती सगळी वाचली. एकूण एक. पूर का आला? नावाडिणीचा बाप कोण? ती इतकी कमी का बोलते? भाऊ का मेला? लोकांनी जे जे विचारलं, त्या सगळ्याचं उत्तर या भागात आहे. एकही प्रश्न सोडलेला नाही. तुम्ही तिघं नुसते नाचाल.

गेम वीस ऑक्टोबरला येतो. नेट बारीक आहे म्हणून डिस्क पाठवते, नंतरच्या पहिल्या गाडीने मिळेल. तोपर्यंत यंत्रबाईंना म्हणावं, टीव्हीची ती ढिली वायर नीट करून ठेवा.

तुझी
भिंगरी

---

१० नोव्हेंबर

भिंगरे,

डिस्क मिळाली. गेम संपवला. फारच छान आहे. ढग तर असे जमलेत की काय सांगू! पाऊस यायच्या आधी जे थर खाली उतरतात, त्यांचा तो शिशासारखा रंग अगदी खरा. चौतीस वर्षं ढग बघणारा माणूस सांगतोय. पाण्याचा आवाजही सुरेख. वल्हं आता हाताला जड लागतं, तेही छान.

यंत्रबाई आणि आचारीबुवा आवडलं म्हणाले. इथे थंडी वाढलीये. पाण्याचा नळ सकाळी गोठतो. तुझी तब्येत सांभाळ, जेवण वेळेवर घेत जा.

तुझा
मामा

---

२० नोव्हेंबर

मामा,

ढग? एवढंच?

पहिल्या भागावर तू मला अकरा पानं लिहिली होतीस, दोन्ही बाजूंनी, आणि समासातही. या वेळी पाऊण पान, त्यात नळ. मामा, तुला खोटं बोलता येत नाही. आईला न सांगता माझ्यासाठी मांजराचं पिल्लू आणलंस तेव्हाही तू असाच हवामानावर बोलत होतास.

बाहेर लोक काय म्हणतायत ते तुझ्यापर्यंत पोचत नाही, आणि मला तेच हवंय. इथे रोज हजार जण ओरडतायत. कोणी का ओरडतोय हे मला आता कळेनासं झालंय. एकाचं वाचून दुसरा ओरडतो, दुसऱ्याचं वाचून तिसरा. तुम्ही तिघांनी मात्र कोणाचं काहीही न ऐकता खेळलात. म्हणून हात जोडून विचारते: खरं सांग. कुठे बिनसलं? भाची म्हणून नको. गोष्ट लिहिणारी म्हणून सांग.

तुझी
भिंगरी

---

५ डिसेंबर

भिंगरे,

ठीक आहे. मग ऐक, आणि रडू नकोस.

डिस्क आली तेव्हा आम्ही दुपारची नोंद धावत उरकली. आचारीबुवांनी शेंगदाणे भाजले होते. यंत्रबाईंनी टीव्हीची वायर नवी घातली होती. पहिला मान बाईंचा. पडदा उजळला, तोच नदीकाठ. आणि काठावर झाडामागून कोण आलं? भाऊ! हसत! "ताई, मी पोहत आलो!"

मग यंत्रबाईंनी कंट्रोलर हळूच खाली ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे मी दोघांना बुडवलं, ते काय होतं मग?"

आचारीबुवा म्हणाले, "अहो, मी तर त्याला वाचवला होता. तो पोहत येणारच होता तर मी त्या बाईला कशाला सोडलं?"

भिंगरे, बघ, तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी केल्या होत्या, आणि पाच मिनिटांत तिघांच्याही पुसून टाकल्या. ज्याने भावाला वाचवलं त्यालाही भाऊ परत मिळाल्याचा आनंद नाही, मग आमची काय कथा! रागही आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. आम्हाला फक्त वाटलं की आम्ही तिथे नव्हतोच.

पुढचंही सांगतो. पहिल्या भागात नदी ही नदी होती, तिला कोणाशी वैर नव्हतं, म्हणून तिची भीती वाटायची. आता तिच्यामागे काळ्या कोटातला एक माणूस बसवलाय, त्यानेच धरण फोडलं म्हणे. कोटवाल्याला हरवलं की पूर ओसरतो. मग भ्यायचं कशाला? नावाडीण आधी पाच वाक्यं बोलायची, आपण तिच्या गप्प बसण्यातून समजून घ्यायचो. आता ती भाषण देते. आणि आपण वल्हं हातात घ्यावं तोच पडदा आपला आपण चालू लागतो. मोठा प्रसंग आला रे आला की आपल्याला बाजूला बसवून सिनेमा दाखवतात. कुठे जायचं ते दाखवायला बाण, कोणावर रागवायचं ते सांगायला संगीत. शेंगदाणे संपले तरी कोणी उठून आणले नाहीत, आणि कोणाला पुढे काय होतं याची घाईही नव्हती.

ढग मात्र खरंच छान होते. ते खोटं नव्हतं.

हे तुझ्या हातचं नाही, एवढं मला कळतं. वरच्या लोकांनी तुझ्यावर लादलं असणार. बरोबर ना?

तुझा
मामा

---

१४ डिसेंबर

मामा,

पत्र मिळालं. तीनदा वाचलं. हो, वरून आलं ते. असंच असतं इथे. आता त्यावर बोलून काय उपयोग.

कामावर जरा गडबड आहे, मोठं पत्र नंतर लिहिते. मी इथे फार दिवस राहीन असं वाटत नाही. आईला एवढ्यात काही सांगू नकोस.

भिंगरी

---

२ जानेवारी

भिंगरे,

फार दिवस राहणार नाहीस म्हणजे? ही काय भाषा झाली? तुझं पत्र मी दोघांना वाचून दाखवलं. आचारीबुवांनी झारा आपटला. यंत्रबाई म्हणाल्या, "गप्प बसायचं नाही." मग आम्ही तिघांनी बसून तुझ्या प्रमुखाला एक खरमरीत पत्र लिहिलं आणि याच गाडीने धाडलं. तुझ्या पाकिटावरचा पत्ता होताच. त्यात सगळं घातलंय: भाऊ, कोट, बाण, भाषण. सुरुवात यंत्रबाईंनी सांगितली: 'नावाडिणीचा भाऊ जिवंत करायची अक्कल कोणाची?' शेवट आचारीबुवांचा: 'आमच्या मुलीच्या लेखणीत ढवळाढवळ करू नये.' खाली तिघांच्या सह्या, वेधशाळेचा शिक्का.

शिक्का मारायला नको होता असं आता वाटतंय. पण गाडी गेली.

तुझा
मामा

---

१५ जानेवारी

मामा,

अरे मामा! काय केलंस हे! मी हसतेय की रडतेय मलाच कळत नाहीये. पण सगळं क्रमाने सांगते, कारण हे पत्र मी धावत्या हाताने लिहितेय आणि मधेच थांबले तर खरं बोलायचा धीर राहणार नाही.

सोमवारी सगळ्यांची बैठक होती. लांब टेबल, वीस जण, सगळ्यांची तोंडं उतरलेली. प्रमुख आत आला, हातात तुमचं पत्र. म्हणाला, "डोंगरावरून आलंय. हवामानखात्याचा शिक्का आहे, म्हणून आधी वाटलं वादळाची सूचना असेल." आणि मोठ्याने वाचायला लागला. "नावाडिणीचा भाऊ जिवंत करायची अक्कल कोणाची?"

मामा, त्या खोलीत सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. प्रमुखाला तर सगळ्यांत जास्त. आठ महिने आधी त्याच टेबलाशी त्याने मला विचारलं होतं, "खेळणाऱ्याने जे ठरवलं ते आपण पुसतोय. नक्की?" आणि मी छातीठोकपणे म्हटलं होतं, "अकरा हजार लोकांनी मागितलंय. भाऊ परत येणार."

वरून काही आलं नव्हतं. ते माझंच होतं. कोटवाला माझा, भाषणं माझी, आणि बाण नसला तर लोक चुकतील हेही मीच म्हटलं होतं. पहिल्यांदाच अख्खी गोष्ट माझ्या हातात आली होती आणि मला इतकी भीती वाटत होती की एकही माणूस नाराज राहायला नको. लोक विचारत होते, भाऊ का मेला? मला वाटलं त्यांना उत्तर हवंय. ते तर फक्त सांगत होते की त्यांना अजून वाईट वाटतंय. ते वाईट वाटणं हेच आपलं कमावलेलं होतं, आणि मी ते सगळ्यांच्या हातातून काढून घेतलं.

आणि तुला लिहिलं की वरून आलं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

प्रमुख शेवटपर्यंत वाचत गेला. 'आमच्या मुलीच्या लेखणीत ढवळाढवळ करू नये' आलं तेव्हा तो थांबला, चष्मा पुसला, आणि माझ्याकडे बघितलंही नाही. पत्राची घडी घालून म्हणाला, "जबाबदारी माझी. पुढचा विषय."

त्याला सहज बोलता आलं असतं. बोलला नाही.

मी उभी राहिले. म्हटलं, "ती अक्कल माझी."

खोलीत एवढी शांतता की ध्वनीवाली मुलगी नंतर म्हणाली, रेकॉर्ड करायला हवी होती. मग मी तुझं डिसेंबरचं पत्र काढलं, पर्समध्येच होतं, आणि तेही वाचलं. 'आम्हाला वाटलं की आम्ही तिथे नव्हतोच.' वाचून झाल्यावर म्हटलं, "मला एक प्रकरण द्या. एकच. वेगळं, छोटं, ज्यांनी गेम घेतलाय त्यांना फुकट देऊ. कोट नाही, बाण नाही. सुरुवातीला खेळणाऱ्याला विचारायचं: तुमच्या नावेत कोण होतं? आणि तिथून पुढे जायचं."

प्रमुख म्हणाला, "तीन सुरुवाती, तीन शेवट. नऊ आठवड्यांत?"

"नऊ आठवड्यांत."

"आणि पुन्हा लोकांना विचारून लिहिणार?"

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "मग कामाला लागा." चित्रकारांनी तिथल्या तिथे कागद ओढले! मामा, मी कुठेही जात नाही!

पण तू माझ्यावर रागावला असशील तर रागाव. तेवढं कबूल आहे.

तुझी
भिंगरी

---

३० जानेवारी

भिंगरे,

रागावलो. गाडी आल्यापासून दुपारच्या नोंदीपर्यंत चांगला सणसणीत रागावलो होतो. कथेबद्दल नाही. चूक कोण करत नाही? एकदा मी निरभ्र आकाश असं कळवलं आणि तासाभरात गारा पडल्या. पण माझ्याशी खोटं बोललीस, आणि मी त्या बिचाऱ्या प्रमुखाला शिक्का मारून शिव्या घातल्या. त्याची मी वेगळी माफी मागितलीये. बिनशिक्क्याची.

मग आचारीबुवा म्हणाले, "वीस माणसांसमोर उभी राहिली ना? मग झालं तर." आणि यंत्रबाई म्हणाल्या, "हिला म्हणावं, मी दोघांना बुडवलंय. मला उगाच माफ करायचं नाही." हे मी आहे तसं कळवतोय.

तू पत्राच्या शेवटी नाही लिहिलंस, पण मला वाटतं तुझ्या मनात आहे की मामाला काय हवंय ते विचारावं. विचारू नकोस. मी सांगितलंच तर तू तेच लिहिशील, आणि मग मी पुन्हा ढगांवर पत्र लिहीन.

जेव. झोप. लिही.

तुझा
मामा

---

१८ मार्च

मामा!

झालं! नऊ आठवडे आणि दोन दिवस. दोन दिवस प्रमुखाने डोळे झाकून दिले. सोबत डिस्क आहे.

हात शाईने काळे, केस कधी विंचरले आठवत नाही, आणि मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं. चित्रकारांनी पाण्याचा रंग तीनदा बदलला. नावाडीण या अख्ख्या प्रकरणात फक्त नऊ वाक्यं बोलते. दहावं मी काल रडत रडत कापलं, फार सुंदर होतं, पण कापलं. भाषणांवर कात्री चालवताना सगळं ऑफिस टाळ्या वाजवत होतं.

तुम्ही तिघांनी वेगवेगळं खेळा. एकमेकांचं बघितलंत तरी चालेल, पण मधे बोलायचं नाही. आचारीबुवांना विशेष सांग.

मला भीती वाटतेय. पण या वेळची भीती वेगळी आहे. आवडेल की नाही याची नाही. पोचेल की नाही याची.

तुझी
भिंगरी

---

६ एप्रिल

भिंगरे,

तीनची नोंद यंत्रबाईंनी घेतली, कारण मी टीव्हीसमोरून उठलोच नाही. हे पत्र मी लगेच लिहायला घेतलंय, अक्षर समजून घे.

आधी त्यांचं सांगतो. पडद्यावर प्रश्न आला: तुमच्या नावेत कोण होतं? आचारीबुवा पुढे सरसावले, भाऊ निवडला. त्यांच्या गोष्टीत भाऊ जिवंत, पण तो नावेत पाय ठेवत नाही. काठावर बसून राहतो आणि एकच विचारतो, "त्या बाईंचं नाव काय होतं?" आचारीबुवा म्हणाले, "अरे, मला कुठे माहीत आहे!" खरंच ओरडले, टीव्हीवर! मग अख्खी दुपार गावोगाव फिरून मास्तरणीचं नाव शोधत होते. सापडलं तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासत बसले. घासलेलीच.

यंत्रबाईंची नाव नवी कोरी, पण तिच्यात बसायला कोणी तयार नाही. लोक लांबचा रस्ता धरतात. बाई रिकामी नाव घेऊन या तीरावरून त्या तीरावर, या तीरावरून त्या तीरावर. आम्हाला वाटलं सोडून देतील. छे! एकविसाव्या फेरीला एक म्हातारा नुसता येऊन बसला. बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि त्याला असं जपून नेलं की जणू काचेचा होता. तो उतरल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघितलंत? बसला." दिवसभर तेच. जेवतानाही. "बसला की नाही?"

आणि आता माझं.

माझी मास्तरीण जगलीये. गावात राहते, शाळा चालवते, आणि दर आठवड्याला माझ्याच नावेतून खालच्या गावी जाते, नावाडिणीच्या भावाची चौकशी करायला. म्हणते, "पोहता येणारा माणूस, कुठेतरी लागलाच असेल की." दर आठवड्याला! आणि मी वल्हवतोय. पाणी शांत. संगीत नाही, बाण नाही. पडदा आपला आपण चालत नाही. वल्हं माझ्याच हातात. सांगायचं, की नुसतं वल्हवायचं?

चार फेऱ्या मी नुसता वल्हवत राहिलो. आचारीबुवा मागे उभे, तोंडावर हात दाबून. पाचव्या फेरीत, नदीच्या मधोमध, मी सांगितलं. नावाडीण म्हणाली, "त्याला पोहता येत नव्हतं."

मास्तरणीने वाकून पाण्यात हात घातला. आणि मग म्हणाली, "माहीत आहे. मी त्याला बुडताना पाहिलं. तुम्ही छपराकडे पाठ करून वल्हवत होता, मी तुमच्यामागे बघत होते. मी वाट बघत होते, तुम्ही कधी बोलाल याची."

भिंगरे, मी कंट्रोलर ठेवला नाही. मला ठेवताच येईना. ती उठली, माझ्या शेजारी आली, दुसरं वल्हं घेतलं, आणि नाव जोरात निघाली! इतकी जोरात की आचारीबुवा "अहो हळू, अहो हळू" करायला लागले, यंत्रबाई टाळ्या वाजवायला लागल्या आणि मी, साठीला आलेला माणूस, खुर्चीत बसल्या बसल्या वल्ही मारत होतो, दोन्ही हातांनी, घामाघूम.

न सांगता गप्प बसलो असतो तर पुढे काय झालं असतं, ते मला सांगू नकोस. मला खेळूनही बघायचं नाही. मी सांगितलं. तसंच घडलं.

गाडीवाला दारात हॉर्न देतोय. आचारीबुवा त्याला थोपवून धरायला गेलेत. त्याला ते आधी गेम दाखवणार म्हणतायत.

तुझा
मामा